चौथा कोण आला?

मैदानालगत

गेल्या रविवारी सकाळी सव्वासहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर होतो. रात्रभर भुरभुर पाऊस झालेला. मुरमाची वाट तांबडी, ओली. गिरिपुष्पाच्या झाडांतून पाणी ठिबकत होतं, आत कुठेतरी मोर ओरडत होता. वाट जिथे अंगावर येते त्या चढाच्या डोक्यावर एका शाळेचे क्रीडाशिक्षक उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशेपानी वही. खालून त्यांची मुलं यायला लागली. पहिला मुलगा समोरून गेला आणि सरांनी घड्याळ सुरू केलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. पहिला आला की घड्याळ बघतात, सुरू कसलं करतात? दुसरा गेला, तिसरा गेला. मग बराच वेळ कोणी नाही. चौथा मुलगा आला तो गोल चेहऱ्याचा, एका बुटाची लेस सुटलेली, हातांनी गुडघे दाबत चढ चढणारा. तो पुढून गेला तेव्हा सरांनी बटण दाबलं. "एक मिनिट बारा," ते म्हणाले. "जूनमध्ये तीन मिनिटं होती." वहीत त्यांनी तेवढंच लिहिलं. पहिल्याची वेळ लिहिलीच नाही.

शालेय क्रॉस कंट्रीची तयारी कशी करावी, यावर गेल्या काही वर्षांत मी पुष्कळ ऐकलं आणि वाचलं. त्या वहीतल्या एका आकड्याइतकं नेमकं त्यात काही सापडलं नव्हतं.

क्रॉस कंट्रीचा सांघिक निकाल बेरजेचा असतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे क्रमांकाचेच गुण. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ पहिला. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटात देशाचे सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांत सात धावतात, पाच धरतात. चौघांचा हिशोब करून बघा. एका शाळेचा मुलगा पहिला आला, बाकीचे तिघे १४, २२ आणि ३१ वे. बेरीज ६८. दुसऱ्या शाळेचं पहिल्या पाचात कोणीच नाही. तिचे चौघे ६, ८, ११ आणि १३ वे. बेरीज ३८. दुसरी शाळा तब्बल तीस गुणांनी पुढे! आणि पहिल्या शाळेच्या त्या पहिल्या मुलाने कितीही जीव काढला तरी त्याला एकाच्या खाली जाता येत नाही. तिचा चौथा मुलगा ३१ वरून २३ वर आला, तर तो एकटा ८ गुण वाचवतो. मधल्या घोळक्यात मुलं इतकी दाटीने येतात की दहा-पंधरा सेकंदांत एवढे क्रमांक सहज हलतात.

आपल्याकडे मात्र शाळेत, घरी, बातमीत प्रश्न एकच असतो : पहिला कोण आला? ही सवय मी लहानपणापासून पाहतोय. माझ्या शाळेत दोन मुलं पळण्यात खरोखर चांगली होती. त्यांना सर संध्याकाळी थांबवून घेत, बुटांची सोय करत, केळी देत. आम्ही बाकीचे चार-पाच जण अर्जावर नावं भरण्यापुरते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वर्गात चिठ्ठी यायची, "उद्या सकाळी सातला, पांढरे कपडे." एका वर्षी आमचा एक मुलगा दुसरा आला आणि पुढे गेला, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण शेवटच्या किलोमीटरला बरगडीखाली कळ येऊन मी चालत आलो, तेव्हा अंतिम रेषेपाशी आमच्या शाळेचं कोणीही उरलेलं नव्हतं. सगळे विजेत्याबरोबर निघून गेले होते. त्यानंतर मी शाळेसाठी कधी धावलो नाही. ते बाकीचेही नाहीत. एका वर्षात एका शाळेने आपला अख्खा संघ असा गमावला. अशी मुलं आजही प्रत्येक शाळेत आहेत, म्हणून हे लिहितोय.

पहिला आणि चौथा यांच्यातलं अंतर कमी करायचं, तर तयारी जूनपासूनच हवी. आपल्या शालेय स्पर्धा तालुका किंवा शहर, मग जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात, आणि पहिल्या पायरीची तारीख हातात पडते तेव्हा तयारीला दिवस उरलेले नसतात. म्हणून तारखेची वाट पाहायची नाही. शाळा उघडली की पहिले पाच-सहा आठवडे वेगाचं नावही काढू नये. आठवड्यातून चार दिवस, सगळ्यांनी मिळून, धावता धावता गप्पा मारता येतील इतक्याच गतीने. बोलताना वाक्य तुटायला लागलं की गती जास्त झाली, एवढं माप पुरतं. या संथ धावण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, कंडरा आणि सांधे कणखर होतात. पुढे ज्याला आपण दम म्हणतो, तो इथे तयार होतो. हुशार मुलाला तो थोडा जन्मतः मिळालेला असतो. चौथ्या-पाचव्या मुलाला तो कमवावा लागतो. आणि तो कमावता येतो, हे महत्त्वाचं.

न्यूझीलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आर्थर लिडियार्ड यांनी हेच केलं. ऑकलंडजवळच्या डोंगरांतली २२ मैलांची चढउताराची फेरी ते आपल्या सगळ्या धावपटूंना घालायला लावत, मग तो ८०० मीटरचा का असेना. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये, एकाच दुपारी, सुवर्णपदक जिंकले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना २२ मैल पळवायचं नाही, हे उघड आहे. घ्यायचं ते एवढंच, की आधी पाया आणि मग वेग.

पाया झाला की चढ. आठवड्यातून दोनदा, मिनिटभराचा चढ सहा ते आठ वेळा जोर लावून, आणि उतरताना सावकाश. पण उतारसुद्धा शिकवावा लागतो, आणि तो बहुतेक जण शिकवतच नाहीत. घाबरलेला मुलगा उतारावर मागे रेलतो, टाच आपटतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. गुडघे दुखतात आणि चढावर मिळवलेलं सगळं तिथे जातं. पावलं छोटी, हात थोडे फाकलेले, नजर चार-पाच पावलं पुढे : दहा-बारा वेळा करून घेतलं की भीती मोडते. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी एका घोळक्यात, खांद्याला खांदा लावून धावायचं. त्या दिवशी पुढे जायची मनाई. चौथ्याच्या शेजारी तिसरा, पाचव्याच्या शेजारी चौथा. एकट्याने मागे पडलेला मुलगा फार लवकर मनाने हरतो. शेजारी ओळखीचा श्वास ऐकू आला की तोच मुलगा आणखी अर्धा किलोमीटर टिकतो. तळजाईच्या सरांचे तीन मिनिटांचे एक मिनिट बारा झाले ते बहुतेक याच दिवसांनी.

हे सगळं टेकडीवर, मातीवर. सणस मैदानाचा सिंथेटिक ट्रॅक किंवा बालेवाडीचा ट्रॅक वेगाच्या सरावाला उत्तम, पण तिथे पाय कधी घसरत नाही, दगड कधी लागत नाही. क्रॉस कंट्रीत प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. घोट्याभोवतीचे बारीक स्नायू, तोल सावरणारी कंबर, क्षणात बदलणारी पावलाची लांबी, हे ट्रॅकवर तयार होत नाही. आपल्याच मुलुखातली माणसं पाहा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीच्या. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, लहानपणी रोज मैलोन्मैल पायी शाळा गाठणारे. दोघांनी नाव कमावलं ते स्टीपलचेसमध्ये, म्हणजे ओढे आणि कुंपणं ओलांडत जाणाऱ्या रानातल्या शर्यतीला ट्रॅकवर आणून बसवलेल्या प्रकारात. साबळे सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीत उतरले. तिथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना हेरलं आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्यांना रौप्य मिळालं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकलं. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या.

पुण्याला तर हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी खेड्यापाड्यातून आलेल्या शेतकरी मुलांना अनवाणी धावताना पाहिलं. कसलंही शिक्षण नाही आणि तरीही त्यांच्या वेळा इतक्या चांगल्या, की १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. त्या संघातले बेळगावकडचे फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या मुलांना सराव कोणी दिला होता? बांधांनी आणि पाणंदींनी. आजच्या पुण्यातल्या मुलाला बांध नाही, पाणंद नाही. त्याच्या वाट्याला तळजाई आहे, पर्वतीमागची पाचगावची राखीव टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे, वेताळ टेकडी आहे. टेकड्यांवरच्या बांधकामाचा किंवा बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघतो तेव्हा झाडं, पक्षी, भूजल यांची बाजू मांडली जाते, आणि ती योग्यच आहे. त्यात या मुलांचीही बाजू मांडली जावी. पुण्याच्या शाळांना क्रॉस कंट्रीसाठी दुसरं मैदान नाही. सरकारने कितीही कोटी खर्चले तरी असा चढ बांधून मिळत नाही.

मुलींच्या संघाबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे संघात सहा मुली असतील तर सरासरीने तीन-चार जणींचं रक्त कमी. हिमोग्लोबिन कमी असलं की स्नायूंना प्राणवायू पोचत नाही, मुलगी दुसऱ्या किलोमीटरलाच मागे पडते आणि आपण म्हणतो, "हिच्यात जिद्द नाही." तिला हे ऐकवण्याआधी तपासणी करा. साधी रक्ततपासणी आहे, महापालिकेच्या दवाखान्यात होते. रक्त कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, आणि ताटात पालेभाजी, नाचणी, कडधान्य, वरून लिंबू. दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो, म्हणून ही तपासणीसुद्धा जूनमध्येच व्हायला हवी. पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे बोलायला संघाबरोबर एखाद्या बाई असायलाच हव्यात. त्या नसतात म्हणून कितीतरी मुली काहीतरी कारण सांगून घरी राहतात.

शेवटच्या दहा दिवसांत नवं काही करायचं नाही. धावणं निम्म्यावर आणायचं, गती थोडी ठेवायची, झोप वाढवायची. नवे बूट नाहीत. आदल्या दिवशी जमलं तर मार्ग चालून बघायचा : कुठे अरुंद होतो, कुठे चिखल आहे, शेवटचं वळण कोणत्या झाडापाशी. शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा पोळी, नंतर फार तर केळं. लेसला दुहेरी गाठ. चेस्ट नंबरला चारही कोपऱ्यांत पिना. दोनच लावल्या तर वाऱ्याने तो तोंडावर येतो.

आयोजकांनाही एक सांगणं आहे. पॅरिसला १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये भर उन्हाळ्यात, चाळीस अंशांच्या पुढच्या तापमानात क्रॉस कंट्री झाली. ३८ जण धावायला उभे राहिले, १५ जणच शेवटपर्यंत पोचले. काही जण वाटेत भोवळ येऊन पडले. त्यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकारच गेला. आपल्याकडे ऑक्टोबरात साडेदहाच्या उन्हात मुलं ओळीत उभी असतात, कारण उद्घाटनाचे पाहुणे यायचे असतात. शर्यत आठच्या आत सुटलीच पाहिजे. पाहुणे बक्षीस द्यायला आले तरी चालतं. आणि निकालाच्या फलकावर पहिल्या तिघांच्या नावांखाली प्रत्येक शाळेच्या चौघांची बेरीज लावा. एक कागद आणि एक पेन लागतो. ती बेरीज दिसायला लागली की मुख्याध्यापक विचारायला लागतील, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं की बुटांचे पैसे चौथ्या मुलालाही मिळतील.

पालकांनो, शर्यतीच्या दिवशी आलात तर अंतिम रेषेपाशी गर्दी करू नका. शेवटच्या चढावर जाऊन उभे राहा. तिथे कोणी नसतं. पहिला मुलगा जाईल, त्याला टाळ्या द्या. मग थांबा. शाळेच्या रंगाचा बनियन दिसेपर्यंत थांबा, आणि मुलगा कोणाचाही असो, त्याला नावाने हाक मारा. नाव आधीच विचारून ठेवा. तळजाईचा तो गोल चेहऱ्याचा मुलगा परवा खाली आल्यावर लेस बांधायला वाकला होता. सरांनी वही त्याच्यापुढे धरली, तो आकडा दाखवला. त्याने बोटाने जूनचा आकडा शोधला, मग ऑगस्टचा, आणि विचारलं, "सर, अजून एक फेरी मारू?"

– र. मो.