‘सॉरी म्हण’च्या आधी

अल नहदा दुबईतही आहे आणि शारजातही. मधून हद्द जाते, पण खेळणाऱ्या मुलांना ती दिसत नाही. त्यांचे भांडण झाले की आपण मोठी माणसे लगेच निवाडा करतो, “सॉरी म्हण!” मूल सॉरी म्हणते आणि विषय मिटतो. माझ्या मते खरे शिकवणे त्याच्या आधी व्हायला हवे.

दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हे मुलाला हळूहळू कळते. १९८३ साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधील? तीन वर्षांची मुले बहुधा नव्या जागेकडे बोट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलू लागते.

आपल्याकडे योसेफची गोष्ट आहेच. मिसरात धान्यासाठी आलेले भाऊ त्याच्यासमोरच आपसात बोलतात, कारण मध्ये दुभाषा असतो. याला आपली भाषा कळत नाही, असे त्यांना वाटते. मुलांना विचारून पाहा : भावांना काय वाटत होते? आणि खरे काय होते?

मात्र मन ओळखता आले म्हणजे मूल प्रेमळ झाले, असे नाही. चिडवणाऱ्यालाही दुखरी जागा नेमकी ठाऊक असते. २०१५ साली अशा २० अभ्यासांचा एकत्र विचार झाला. दुसऱ्याचे मन ओळखणारी मुले सवंगड्यांत अधिक आवडती आढळली, पण थोडीच. म्हणून मन ओळखण्याबरोबर मन राखणेही शिकवावे लागते.

त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे : प्रत्येकाची छटा निराळी. सगळ्याला ‘सॅड’ म्हटले की फरक हरवतो. आजी-आजोबांनो, हे शब्द नातवंडांशी बोलताना मुद्दाम वापरा.

वर्गात एखादा मुलगा “मी गेली” म्हणतो आणि बाकीची हसतात. ती शब्दाला हसतात, त्याला वाटते आपल्याला हसली. तेव्हा व्याकरण बाजूला ठेवून दोन्हीकडे विचारावे, “तुला काय वाटलं?” आपला वर्ग मूठभर मुलांचा. ‘गेलो’ पुढच्या आठवड्यातही शिकवता येईल. पण त्यासाठी तो मुलगा पुढच्या आठवड्यात यायला हवा.