हरणाच्या अंगावरची गोचीड ओळखायची कोणी?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१७ मध्ये एका मेंढीच्या अंगावर गोचिडींचा अक्षरशः थर आढळला. ती पूर्व आशियातील ‘हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस’ जात असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले आणि परकी गोचीड देशात नुकतीच शिरली, असा समज पसरला. तो फार काळ टिकला नाही. संग्रहातील जुने नमुने पुन्हा तपासले असता, वेस्ट व्हर्जिनियात २०१० मध्येच पांढऱ्या शेपटीच्या एका हरणावरून हीच गोचीड काढली गेल्याचे उघड झाले. नमुना हाताशी होता. त्याची खरी ओळख तेवढी पटलेली नव्हती.

सात वर्षांचा हा विलंब किरकोळ नव्हे. अमेरिकेत पसरलेल्या या गोचिडीची मादी नराविनाही अंडी घालते. हरणावरून गळून पडलेली एकच मादी नवी वसाहत उभी करू शकते. गुरांना रक्तक्षय आणणारा ‘थायलेरिया’ हा परजीवीही ती पसरवते.

चूक करणाऱ्यांना मात्र फार दोष देता येणार नाही. या प्रजातीतील जाती ठरतात त्या मुखांगावरील आणि पायांच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म काट्यांवरून, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. जपान आणि ऑस्ट्रेलियातील हीच गोचीड कित्येक वर्षे ‘बायस्पिनोसा’ या भारतीय जातीच्या नावाने नोंदली जात होती. हॅरी हूगस्ट्राल व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये हा घोळ निस्तरला.

भारताला हा प्रश्न परका नाही. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये आढळलेल्या माकडतापाची मुख्य वाहक ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ याच प्रजातीतली. २०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर व मोठ्या वन्य प्राण्यांवर पोसते. माणसाला डसते ती मुख्यतः तिच्या आधीची, खसखशीएवढी अवस्था. आणि नेमकी तीच ओळखण्यास अधिक अवघड.

जनुकीय चाचणीने सारे सुटेल, ही समजूत अर्धीच खरी आहे. चाचणीतील क्रम ज्या नमुन्याशी ताडून पाहायचा, तो आधी कोणा जाणकाराने अचूक ओळखलेला असावा लागतो. नव्या यंत्रांसाठी निधी मंजूर करणे सोपे. काटे मोजत वर्षानुवर्षे बसणारा अभ्यासक घडवणे तितके सोपे नाही. वनखात्याच्या हाती मृत हरीण लागते तेव्हाही वेळ थोडाच असतो. शव थंड होऊ लागले की गोचिडी ते सोडून जातात.