खुर्चीला चिकटून जिना चढता येत नाही

सौदीत चार मराठी माणसं जमली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथे कसलं आलंय करिअर? पैसे साठवायचे आणि परत जायचं!" मग कोणी कफीलला नावं ठेवतो, कोणी सौदीकरणाला, तर कोणी नशिबाला. तेवढ्यात गरम बटाटेवडे येतात आणि विषय तिथेच संपतो. हे म्हणणारी कितीतरी मंडळी पंधरा-पंधरा वर्षं एकाच कंपनीत, एकाच टेबलावर आहेत. पाच वर्षांसाठी आलेला माणूस पंधरा वर्षं राहतो, पण योजना मात्र एका वर्षाचीही करत नाही. माझं भांडण आहे ते या वृत्तीशी.

सौदीकरणाने घात केला, असं म्हणण्यात अर्थ नाही. ते काही रात्रीतून आलेलं नाही. २००५ सालच्या कामगार कायद्याच्या ४२व्या कलमातच लिहिलं होतं, की मालकाने सौदी कर्मचाऱ्यांना परदेशी माणसांच्या जागा घेण्यासाठी हळूहळू तयार करावं आणि ज्यांनी अशा जागा घेतल्या त्यांची नोंद ठेवावी. २०११मध्ये 'निताकात' आलं. २०२१मध्ये माहिती तंत्रज्ञान आणि दूरसंचारातल्या कामांत पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना २५ टक्के सौदी नेमणं सक्तीचं झालं. २०२४च्या जुलैत इंजिनिअरांच्या बाबतीतही २५ टक्क्यांचा नियम लागू झाला. वेधशाळेने इतकी वर्षं आधी पाऊस सांगितला, तरी आपण छत्री न घेता ढगांना शिव्या देत बसलो!

बरं, यावर आपण शोधलेला उपाय कोणता? माहिती लपवणं. मी कामानिमित्त ज्या ज्या ऑफिसांत जातो, तिथे असा एक तरी गृहस्थ भेटतोच. पगाराचा प्रोग्रॅम त्यालाच कळतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, कागदावर काही नाही. शेजारी बसवलेल्या सौदी मुलाला तो फक्त फोटोकॉपी काढायला लावतो. "माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही," हे सांगताना त्याची छाती फुगते. पण नवा प्रकल्प येतो तेव्हा साहेब काय म्हणतो? "याला हलवलं तर महिन्याचा पगार कोण काढणार?" बढती दुसऱ्याला मिळते. पुढे कंपनी नवी संगणकप्रणाली आणते, जुना प्रोग्रॅम बंद होतो आणि त्याच्याबरोबर हे गृहस्थही जातात. ज्याच्यावाचून अडतं, त्याला कोणी वरही जाऊ देत नाही!

याच्या उलट उदाहरण इथेच, पूर्व प्रांतात आहे. अली अल-नैमी १९४७ साली, शाळकरी वयात, अरामकोत ऑफिसबॉय म्हणून लागले. कंपनीने त्यांना शिकवलं, अमेरिकेत लीहाय आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांत पाठवलं. १९८४मध्ये ते अरामकोचे पहिले सौदी अध्यक्ष झाले आणि १९९५ ते २०१६ या काळात देशाचे तेलमंत्री होते. "ते सौदी होते हो, आपल्याला ती खुर्ची कोण देणार?" मान्य. सर्वांत वरची खुर्ची आपली नाही. पण ऑफिसबॉयपासून अध्यक्षपदापर्यंत पोचायला ३७ वर्षं लागली. म्हणजे मधल्या प्रत्येक पायरीवर त्यांना कोणीतरी काम शिकवलं. या देशाला शिकवणारा माणूस कायम लागत आला आहे. ती जागा आपण का सोडायची?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "गुरूची विद्या गुरूलाच फळली तर?" होतं, तसंही होतं. शिकवून झालं आणि नारळ दिला, अशी माणसं मलाही माहीत आहेत. म्हणून शिकवण्याआधी बोलून घ्यायला हवं. साहेबासमोर बसून विचारावं: "हा मुलगा वर्षभरात माझं काम करू लागेल. त्यानंतर माझं काम काय?" उत्तर लेखी, निदान ईमेलवर घ्यावं. गोलगोल उत्तर आलं तर दुसरीकडे बघायला हातात एक वर्ष आहे, हे तरी कळेल.

"मग कंपनीच बदलू की!" असं तरुण मंडळी म्हणतात. २०२१च्या मार्चपासून, करारातलं पहिलं वर्ष झालं आणि नियमाप्रमाणे नोटीस दिली, की मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते, हे खरंच. पण आधी हिशेब करा. सेवाअखेरची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी असते, त्यापुढे दर वर्षी पूर्ण महिन्याची. सातव्या वर्षी स्वतः राजीनामा दिलात तर तिच्यातले दोन तृतीयांशच हातात पडतात, आणि नव्या ठिकाणी गाडी पुन्हा अर्ध्या महिन्यापासून सुरू. निघायचं तर जरूर निघा, पण आहे त्या घरातला जिना एकदा तपासून मगच.

त्यासाठी दरवर्षी एक पान लिहा. यंदा मी कोणतं काम दुसऱ्याला सोपवणार, कोणतं नवं शिकणार, इकाम्यावरचा हुद्दा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ आहे का, आणि मीटिंगपुरती तरी अरबी येते का? चार प्रश्न, एक पान, बस्स.

कारण जागच्या जागी बसणं फुकट नाही. २०१७च्या जुलैत कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियालचं शुल्क सुरू झालं, ते २०२०च्या जुलैपर्यंत ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. पगार तोच राहिला म्हणून कितीतरी घरांनी बायकामुलं पुण्या-नाशिकला परत पाठवली आणि मुलांची वाढ फोनवर पाहिली. त्यासाठी कफीलला शिव्या घालून झाल्या असतील, तर आता कागद-पेन घ्या.