परीक्षणासाठी गाणे पाठवताय? मग एवढे करा

'नवा अल्बम काढलाय, तुमच्याकडे कसा पाठवू?' हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक गोव्यातलेच. कुणी ख्याल गायलेला असतो, कुणी नाट्यगीते, कुणी अभंग, तर कुणी घुमटआरत्या. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकावे, म्हणून हा प्रपंच. मी गाण्यांविषयी लिहितो खरा, पण हे म्हणणे माझ्या एकट्याच्या सोयीचे नाही. ते का, हे पुढे येईलच.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. कॅसेट किंवा सीडी पाकिटात घालून पाठवली की झाले. आता सीडी काढणारेच थोडे, आणि नव्या लॅपटॉपमध्ये ती घालायला जागाही नसते. त्यामुळे हल्ली गाणे येते ते मोबाईलवर. एक लिंक, तिच्याखाली हात जोडलेले चित्र आणि 'जरूर ऐका व अभिप्राय कळवा'. बस्स. राग कुठला, बंदिश कुणाची, तबल्यावर कोण, काही नाही. चौकोनी चित्रात गायकाचा हसरा फोटो तेवढा असतो.

आधी आवाजाविषयी सांगतो. सीडीच्या दर्जाचे तासभर गाणे साधारण सहाशे एमबी जागा घेते. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये दाबून बसवले की साठ एमबीच्याही आत येते. म्हणजे जवळजवळ अकरा हिश्शांतले दहा हिस्से टाकून द्यायचे. सगळेच टाकलेले कानाला कळते असे नाही. पण तानपुऱ्याची आस आणि स्वर सोडताना आवाजात राहणारी बारीक थरथर इथे पहिला फटका बसतो. त्यात ते मोबाईलच्याच स्पीकरवर ऐकले, तर बायाचा घुमार जवळजवळ नाहीसाच होतो. मग परीक्षक लिहितो, 'साथ जेमतेम'. तबलजीने बिचाऱ्याने काय पाप केले? म्हणून उतरवून घेता येईल अशी मूळ फाईल पाठवा. वेव्ह असो की फ्लॅक, दोन्ही चालतील. सीडी असेल तर उत्तमच, माझ्याकडे अजून प्लेअर चालू आहे. लिंकच द्यायची असेल तर ती आठ दिवसांत बंद पडणार नाही एवढे पाहा. ख्याल असेल तर विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये नसती शांतता येऊ देऊ नका. लयीचा चढ ऐन मधेच तुटला, तर त्या मांडणीविषयी काय लिहायचे?

पण खरा मुद्दा आवाजाचा नाही. तो आहे माहितीच्या कागदाचा.

जरा मागे जाऊ. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने सांगते. त्या काळात मुद्रण इथे होई आणि तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण कुठली गायिका कळावे म्हणून ही युक्ती. बरोबरच्या सारंगियाला आणि तबलजीला मात्र नाव सांगायची संधी नव्हती. तीनेक मिनिटांची बाजू, त्यात साथीदारांची नावे कोण सांगणार? तबकडीच्या लेबलवरही ती बहुधा नसत. पुढे एलपी आल्या, बारा इंचांचे वेष्टन आले, आणि त्याच्या पाठीवर साथीदारांना हक्काची ओळ मिळू लागली. कॅसेटच्या चिठ्ठीत अक्षरे बारीक झाली, सीडीच्या पुस्तिकेत पुन्हा जरा ऐसपैस झाली. आणि आता? लिंकेला पाठच नाही, मग नाव छापायचे कुठे?

आपल्या गोव्याचेच उदाहरण घ्या. फोंडा महालातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या सुवर्ण तबकडीची जी यादी सर्वत्र वाचायला मिळते, त्यात केसरबाईंचे नाव आहे, साथ कुणाची ते नाही. आंतरतारकीय अवकाशात पोचलेला तो ठेका कुणाच्या हातचा, हे यादी वाचणाऱ्याला कळत नाही. एवढ्या मोठ्या तबकडीची ही गत, तर चवथीला निघणाऱ्या आपल्या अभंगांच्या अल्बमची काय कथा!

नाट्यगीतांत तर साथीदारांबरोबर कवी आणि संगीतकारही हरवतो. 'मत्स्यगंधा' १९६४ साली रंगभूमीवर आले. नाटक वसंत कानेटकरांचे, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. आज त्यातले पद कुणी नव्याने गायले की अॅपवर झळकते ते नव्या गायकाचेच नाव. अभंगांत संतांचे नाव शेवटच्या चरणात असते म्हणून ते वाचतात. चाल लावणाऱ्याच्या वाट्याला मात्र 'पारंपरिक' हा शब्द येतो, मग ती चाल गेल्याच वर्षी का बांधलेली असेना.

म्हणून माझे मागणे एका पानाचे आहे. मराठीत, साध्या अक्षरात. गाण्याचे नाव, राग, ताल. शब्द कुणाचे, चाल कुणाची. तबला, संवादिनी, पखवाज, घुमट, तानपुरा यांवर कोण. मागे सूर धरणाऱ्या शिष्याचेसुद्धा नाव. मुद्रण कुठे व केव्हा झाले, मैफलीतले की स्टुडिओतले, आणि ते कुणी केले. बंदिश कुणाकडून मिळाली हे सांगितलेत तर सोन्याहून पिवळे. हे पान लिहायला अर्धा तास पुरतो.

यावर कुणी म्हणेल, 'अहो, तुम्ही जाणकार, राग तुम्हाला ओळखता येत नाही होय?' येतो हो. पण परीक्षण म्हणजे कोडी सोडवण्याची स्पर्धा नव्हे. आणि तबल्याचा बाज ऐकून घराण्याचा अंदाज बांधता येईल, वाजवणाऱ्याचे आडनाव कसे सांगणार? लिंक उद्या बंद पडेल, कंपनी आपली यादी बदलेल. वर्तमानपत्रातले परीक्षण निदान ग्रंथालयाच्या फायलीत राहते. मडगावच्या कुणा संवादिनीवादकाच्या नातवाला पुढे कधी आजोबांची खूण शोधायची झाली, तर ती कदाचित त्या चार ओळींतच सापडेल. ते नाव लिहिणे हे मी माझे काम समजतो. पण मला कळलेच नाही, तर मी लिहू कुठून?

आता काय पाठवू नये तेही सांगतो. तयार लिहिलेले परीक्षण पाठवू नये. 'तुमच्या नावाने छापा, वेळ वाचेल' असे सांगून मला एकदा असे पान आले होते. त्यात गायकाची तुलना तीन दिवंगत बुजुर्गांशी केली होती आणि तबलजीचे नाव त्यातही नव्हते! पाकीट, शाल, श्रीफळ यांपैकी काही नको. अल्बमची प्रत तेवढी पुरे, आणि प्रत घेतली म्हणजे स्तुती लिहून देण्याचा करार झाला असेही नव्हे. तिसऱ्या दिवसापासून 'कधी येणार?' म्हणून फोन सुरू करू नयेत. ख्यालाचा अल्बम मी किमान तीनदा ऐकतो, तोही वेगवेगळ्या दिवशी. चवथीला निघणारा अल्बम चवथीच्या दोन दिवस आधी पाठवून सणाच्या पुरवणीत परीक्षणाची अपेक्षा धरणे हा दोघांवरही अन्याय आहे. तीन आठवडे आधी पाठवा.

हे सगळे जमत नसेल, तर मूळ फाईल नसली तरी चालेल. मी चांगले हेडफोन लावून लिंकच ऐकेन, कुरकुरत का होईना. पण ते एक पान मात्र नक्की पाठवा. तेही टंकून काढायचा कंटाळा असेल तर वहीच्या कागदावर लिहा आणि त्याचा फोटो धाडा. माझ्यापुरते म्हणाल, तर सुरुवात तबलजीच्या नावापासून केलीत तरी हरकत नाही.