पकड टायरचीच

या आठवड्यात पोर्शे ९११ च्या ‘वेट’ मोडने मला खिळवून ठेवलं. २०१८ मध्ये सादर झालेल्या पिढीत पुढच्या चाकांच्या कमानींत ध्वनिसंवेदक आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून गाडी ओला रस्ता ओळखते आणि मोड बदलायला सुचवते. बदलायचा मात्र चालकानेच, आणि हेच मला फार पटलं. मंडळी, ट्रॅक्शन कंट्रोल घसरत्या चाकाकडे जाणारा जोर कमी करतं, गरज पडली तर त्याला ब्रेक लावतं. पकड काही वाढवत नाही, ती टायरचीच. ट्रॅक्शन कंट्रोलसारख्या या वडीलधाऱ्यांनी किती लवकर मध्ये बोलायचं, हे मोड ठरवतो. त्यांना पूर्ण गप्प बसवायची हौस रेसट्रॅकवर भागवा. सार्वजनिक रस्त्यावर ती निव्वळ बेपर्वाई आहे.