निसर्गाची नोंदवही : एक नाव, दोन बेडूक

बालमित्रांनो, पावसाळ्यात ओरडणाऱ्या बेडकाच्या गळ्याखाली फुगा येतो, तो पाहिलाय ना? आवाज घुमवायची ती पिशवी! पण दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात एक बेडूक याच पिशवीत चक्क पिल्लं सांभाळतो, बरं का!

'बीगल' जहाजावरून जगप्रवास करताना चार्ल्स डार्विनला हा बेडूक सापडला. लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर आणि नाकाचं टोक सोंडेसारखं पुढे आलेलं. १८४१ साली द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं 'ऱ्हायनोडर्मा डार्विनी'. यातलं पहिलं नाव प्रजातीचं, म्हणजे जणू आडनावच. दुसरं त्या जातीचं.

आत पिल्लं दिसली, तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं की ही आईच असणार. १८७२ साली स्पेनच्या हिमेनेस दे ला एस्पादा यांनी नीट तपासलं, तर ते निघाले बाबा! मादी ओल्या पाचोळ्यात अंडी घालते. नर त्यांची राखण करतो. अंड्यांत वळवळ सुरू झाली, की तो ती तोंडात घेतो आणि गळ्याच्या पिशवीत ठेवतो. काही आठवड्यांनी त्याच्या तोंडातून बाहेर पडतात ते इवलेसे बेडूकच!

आता खरी गंमत ऐका. १९०२ साली फिलिपी या शास्त्रज्ञांनी चिलीतल्याच एका बेडकाला वेगळं नाव दिलं. पुढे इतरांनी ठरवलं, "छे, हा तर डार्विनीच!" झालं, नाव खोडलं गेलं. कितीतरी वर्षं दोन बेडूक एकाच नावाखाली राहिले.

१९७५ साली चिलीतल्या फोर्मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बारकाईने पाहिलं. या दुसऱ्या जातीचा बाबा बेडूकमासे थोडेच दिवस तोंडात ठेवतो आणि मग पाण्यात सोडतो. पाण्यात खरवडून खायला त्या बेडूकमाशांना टणक चोच असते. डार्विनीच्या पिल्लांना ती नसते, कारण त्यांना तिची गरजच नाही! खोडलेलं नाव परत आलं : 'ऱ्हायनोडर्मा रुफम'. रुफम म्हणजे तांबूस. एका प्रजातीत आता दोन भावंडं झाली.

पण मित्रांनो, १९८० च्या सुमारानंतर हा रुफम कुणाला दिसलेलाच नाही. जंगलतोड आणि बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग, या दोघांवर संशय आहे. ओळख पटली आणि पाच-सहा वर्षांतच तो दिसेनासा झाला!

नाव खोडलेलंच राहिलं असतं, तर आपण म्हणालो असतो, "डार्विनी आहे की अजून, हरवलं कुठे काय?" ज्याला नावच नाही, तो हरवल्याचं कळणार तरी कसं?

म्हणून या पावसाळ्यात एक करा. घराजवळचे बेडूक लांबूनच पाहा, हात लावू नका. रंग, आवाज, जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. "सगळे बेडूक सारखेच," असं मात्र लिहू नका हं!