उजनी मायनसमध्ये!

मे महिन्यात सोलापुरात कुणालाही फोन लावा, तब्येतीच्या आधी उजनीची टक्केवारी कळते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठाच्या आसपास गेली होती. हो, उणे. आमच्या धंद्यात टक्केवारीच्या रकान्यात कुणी मायनस साठ लिहिलं तर टेस्टर लगेच बग टाकेल. आमच्या जिल्ह्यात ती रोजची बातमी असते आणि कुणाला काही खटकत नाही :-)

हिशोब साधा आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, उरलेलं ५३ वापरायचं. शून्य टक्के म्हणजे मृतसाठ्याची वरची रेघ. मायनस साठ म्हणजे रेघेखालचंही तीसेक टीएमसी संपवलेलं. थोडं उन्हानं, बाकी आपण.

मग पाऊस येतो आणि उलटा तमाशा सुरू. "उजनी शंभरीकडे", जलपूजन, फोटो. पुण्यात मुठेला पाणी सुटलं की आपणही भिडे पुलाचे फोटो टाकतोच. ते पाणी पुढे उजनीतच जातं, हे किती जणांना माहीत असतं?

माझं म्हणणं असं की ऑगस्टमध्येच शंभर टक्के ही घाबरायची बातमी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर बाकी असतात. धरण भरलेलं असलं की वरून येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. त्यात नीरा भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नरसिंहपूरला. वीर धरणातून नीरेत पाणी सुटलं की उजनीच्या हातात एकच गोष्ट उरते, आपलं पाणी थोपवून धरणं. ते धरायला जागाच नसेल तर पंढरपुरात व्यासनारायण झोपडपट्टीतल्या माणसांनी सामान उचलायचं. जुलै २०१९ मध्ये मायनसमध्ये असलेलं धरण ऑगस्टमध्ये भरत आलं आणि पंढरपुरात पाणी शिरलं. १४ ऑक्टोबर २०२० ला पाऊस कोसळला तेव्हा धरण भरलेलंच होतं. पुन्हा तेच. आणि सप्टेंबरचा पाऊस काय करू शकतो ते सीनाकाठच्या गावांना विचारा. उन्हाळ्यात जिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, त्या नदीनं २०२५ मध्ये लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पाडला.

"अरे शहाण्या, जागा मोकळी ठेवली आणि पाऊसच नाही आला तर?" असं गावाकडचे काका विचारतात. भीती खरी आहे. २०२३ मध्ये धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं होतं. पण मृतसाठा धरून जवळजवळ ९५ टीएमसी हाताशी असताना जिल्ह्याची तहान भागत नसेल, तर पाणी पितंय कोण?

ऊस. अवर्षणप्रवण जिल्हा आणि तीसहून जास्त साखर कारखाने. तुटीच्या खोऱ्यात ऊस नको, असं माधवराव चितळ्यांच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्येच सांगितलं होतं. त्यानंतर कारखाने वाढले. शेतकऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला हमीभाव कागदावर मिळतो, उसाला दारात ट्रॅक्टर येतो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर ऊसच लावला असता. पण हा ऊस पोसायचा म्हणून उन्हाळ्याची धास्ती, त्या धास्तीपोटी ऑगस्टमध्येच धरण गच्च, आणि किंमत मोजणार घाटाजवळच्या पत्र्याच्या घरातला माणूस! हे गणित मला पटत नाही.

कोणत्या तारखेला धरणात किती पाणी असावं, याचं वेळापत्रक असतं. ते रोजच्या टक्केवारीशेजारी छापा ना! आज आहे किती आणि असायला हवं किती, दोनच आकडे. जलपूजनाला येणाऱ्या साहेबांना मग ते वाचून दाखवता येतील. यंदा ऑगस्टमध्ये कुणी "उजनी फुल्ल!!" असा मेसेज टाकला, तर मी दुसरा आकडा विचारणार आहे. तुम्हीही विचारा.